माळवदावरची माती

आमचं घर पडलं नव्हतं. किल्लारीच्या भूकंपाचं कुणी विचारलं की मी आधी हे सांगते, आणि ऐकणारा "मग बरंय" म्हणून मोकळा होतो. बरं कसलं! त्या उभ्या घरासमोर, खळ्यात, आम्ही दोन वर्षं काढली.

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून गाव उशिरा झोपलेलं. नव्या जागी वसवलेल्या ५२ गावांत आमचं गाव नव्हतं. औसा तालुक्यातलंच, पण किल्लारीपासून लांब. आमच्या भिंती फुगल्या, कोपरे फाटले, ढेलज एका अंगानं बसली. कागदावर आम्ही बेघर नव्हतोच. पण आत झोपायची छाती कुणाची होती? पिठाचा डबा आणायला आई पळत आत जायची आणि पळतच बाहेर यायची.

खळ्यात आठ घरांचे पत्रे आणि दोन चुली. ज्याच्याकडं पीठ असेल त्यानं सगळ्यांच्या भाकरी थापायच्या.

पुढं जागतिक बँकेच्या मदतीनं दुरुस्तीचा कार्यक्रम आला. हजाराहून जास्त गावांतल्या महिला मंडळांतून संवाद सहाय्यक, म्हणजे गाव आणि सरकार यांच्यातला दुवा, नेमल्या. स्वयम् शिक्षण प्रयोग ही संस्था त्यांना शिकवायची. आमच्या गावात आई. चौथी शिकलेली बाई, वही घेऊन गवंड्याला प्रश्न विचारायची. त्याचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

तिथं ती जे शिकली ते घरात सांगणं सगळ्यात अवघड होतं. माणसं मेली ती माळवदाखाली, म्हणजे मातीच्या छताखाली. लाकडावर मातीचा थर, पाऊस गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात वर आणखी माती. तीन पिढ्यांत ती हात-दीड हात चढलेली. आणि खाली दगड-मातीची भिंत, दोन पदरांची, मध्ये नुसता भरावा.

"मामा, वरची माती उतरवायची हाय."

आबा, म्हणजे माझे आजोबा, आईचे सासरे, खाटेवरनं उठलेच. "काय करलालीस माय? माझ्या बापानं टाकलेली माती हाय ती!"

आईनं वाद घातला नाही. जुनी गोधडी आणून त्यांच्या पुढ्यात उसवली. "टाका नसला की आतल्या चिंध्या एका कडंला येतेत. भिंतीचं तसंच हाय मामा. आरपार भोकं पाडून सळया घालून सिमेंट भरायचं. तो टाका."

आबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "माती फेकायची न्हाई. रानात न्यायची."

खळ्यातल्या आठ घरच्या बायकांनी सावड धरली, खुरपणीला धरतात तशी. आज तुझं माळवद, उद्या माझं. तेवीस गाड्या माती निघाली आमची. वीतभर ठेवली, खाली प्लास्टिक अंथरलं. अनुदानाचा हप्ता अडकला तेव्हा शेजारच्या काकूंनी भिशी आधी आम्हाला दिली. भिंतीला बाहेरून जाळी मारून सिमेंटचा पट्टा फिरवला. दिसायला वंगाळ, अजून तसाच आहे.

त्या वर्षी रानातली ज्वारी जोरात आली. आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला कणसं दाखवायचे, "बापाची माती."

आम्ही सगळे दिवाळीला आत झोपायला गेलो. आबांनी खाट आत घेतली ती पुढच्या मृगात, पाऊस अंगावर आल्यावर. तीही उंबऱ्याजवळ, पाय दाराकडं करून.