नवी बॅटरी टाकली अन् गाडी पुन्हा टक्

मे महिन्याची दुपार, साडेतीन वाजले असतील, धरमपेठेत लक्ष्मीभुवन चौकाजवळ गाडी लावली अन् बायकोचा चष्मा घ्यायला आत गेलो. पंधरा मिनिटांत परत. चाबी फिरवली तर नुसतं टक्. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. सेल्फ (इंजिनला फिरवून चालू करणारी मोटर) फिरायचं नावच नाही. बाहेर पंचेचाळीसच्या वर ऊन, गाडीत भट्टी, अन् बायको शांतपणे म्हणते, "घरून निघताना तर बरोबर होती ना." होती ना बाप्पा, सकाळी तर एका झटक्यात लागली होती!

आता जे लिहून राहिलो ते सगळं मला नंतर समजलं, त्या दिवशी मी नागपूरकराला सुचतं तेच केलं, बॅटरीला शिव्या दिल्या. शिव्या अगदीच चुकीच्या नव्हत्या म्हणा, आपल्याकडच्या गरमीत बॅटऱ्या लवकर मरतात हे खरं आहे. लोकांना वाटतं थंडीने बॅटरी जाते, थंडीत ती फक्त उघडी पडते, आतल्या जाळ्या सडवायचं काम गरमी करते. माझी तीन वर्षं जुनी होती, म्हणजे संशय घ्यायला जागा होती.

शेजारच्या दुकानातला एक पोट्टा जंपर केबल घेऊन आला. शहाणा पोट्टा होता, काम कायद्यात केलं. आधी लाल चिमटा माझ्या बॅटरीच्या प्लसला, मग त्याच्या गाडीच्या प्लसला, मग काळा त्याच्या मायनसला, अन् शेवटचा काळा चिमटा माझ्या बॅटरीवर नाही तर इंजिनच्या उघड्या लोखंडाला. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते अन् बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून तो चिमटा बॅटरीपासून दूर लावायचा असतो. चाबी मारली, गाडी लागली. मी म्हटलं झालं, बॅटरी मेली. तसाच बॅटरीवाल्याकडे गेलो, नवी टाकली, जुनी एक्सचेंजमध्ये दिली, पाच हजाराच्या आसपास गेले अन् वर त्याला थँक्यू म्हणून आलो.

त्या शेवटच्या चिमट्यानेच मला फसवलं होतं, पण ते कळायला जून उजाडला.

मधले अठरा-वीस दिवस गाडी ठीक. बॅटरी बदलताना बॅटरीवाल्याने मायनसची वायर हलवली, वाकवली, त्यात काहीतरी तात्पुरतं बसलं असणार. मग एक दिवस वर्धा रोडच्या ट्रॅफिकमध्ये तासभर रांगून मनीष नगरला भावाकडे पोहोचलो, निघायच्या वेळी पुन्हा टक्. अर्धा तास थांबलो, चहा झाला, इंजिन थंड झालं, मग लागली. नव्या बॅटरीवर! भाऊ म्हणे वॉरंटीत दे. मीही निघालोच होतो भांडायला, पण वाटेत रिंगरोडला आमच्या त्रिमूर्ती नगरजवळ वायरिंगवाले एक चाचा बसतात, म्हटलं आधी त्यांना दाखवू.

चाचांनी बोनेट उघडायच्याही आधी विचारलं, "आवाज कैसा आता है?" म्हटलं एकदाच टक्. तर त्यांनी मला हेडलाइट लावून चाबी मारायला सांगितलं अन् स्वतः समोर जाऊन उभे राहिले. दिवे जरासुद्धा मंदावले नाहीत. चाचा म्हणे, "बैटरी को काहे को गाली देते भैया."

बॅटरी खरंच उतरलेली असेल तर सेल्फ मारताना दिवे विझायला येतात, अन् टक् एकदा नाही, टकटकटकटक असं भराभर येतं, कारण सोलेनॉइड (चाबी फिरवली की सेल्फला करंट जोडून देणारा चुंबकी स्विच) ओढतो, व्होल्टेज पडतं, सुटतो, पुन्हा ओढतो. काहीच आवाज नाही अन् दिवे झकास, मग चाबीचा स्विच, रिले, फ्यूज किंवा क्लचखालचा स्विच, तिकडे बघायचं. सेल्फ मस्त फिरतो पण इंजिन पकडत नाही तो वेगळाच मामला, टाकीतून पेट्रोल ढकलणारा पंप, स्पार्क, चोरी टाळायला बसवलेलं इमोबिलायझर, तिथे तर बॅटरी बिचारीचा काहीच संबंध नसतो. अन् एकच टक् अन् दिवे तेजदार, म्हणजे सोलेनॉइड काम करून राहिला, पण मोटरला पाहिजे तेवढा करंट मिळत नाही, नाहीतर मोटरच जाम आहे.

मग त्यांनी मल्टीमीटर काढलं, काच तडकलेलं, टेपने बांधलेलं. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर 12.5 व्होल्ट. भरलेली बॅटरी गाडी बंद असताना 12.6 च्या आसपास असते, 12 वर आली म्हणजे जवळजवळ रिकामी. तर इथे ठीक. मला चाबी मारायला लावली, आकडा 12.1 वर गेला, बस. मी खूश, म्हटलं बॅटरी किती दमदार आहे बघा! चाचा हसले. सेल्फ मारताना करंट शंभर-दीडशे अँपियर खेचला जातो, चांगली बॅटरीसुद्धा दहा-अकरापर्यंत खाली येतेच. खाली येतच नाही याचा अर्थ पाहिजे तेवढा करंट निघूनच नाही राहिला. कुठेतरी रस्ता अडलेला आहे.

आता रस्ते दोनच. प्लसचा जाड लाल केबल सेल्फपर्यंत, अन् परतीचा, इंजिनच्या लोखंडातून बॅटरीच्या मायनसपर्यंत. परतीचा रस्ता, ज्याला हे लोक अर्थ म्हणजे अर्थिंग म्हणतात, तो आपण हिशेबात धरतच नाही. चाचांनी मीटरचा काळा पिन बॅटरीच्या मायनसच्या खुंटीवर ठेवला, लाल पिन इंजिनच्या उघड्या लोखंडावर, अन् मारो सेल्फ. तिथे पाव व्होल्टसुद्धा दिसायला नको, एका वायरीची दोन टोकं आहेत ना शेवटी. मीटरवर 4.3. म्हणजे बॅटरीतले चार व्होल्ट त्या परतीच्या वायरीतच संपून राहिले होते. हिशेब सोपा आहे, शंभर अँपियर जात असतील तर 0.04 ओहमचा रेझिस्टन्स, म्हणजे अडथळा, पुरे चार व्होल्ट खायला, एवढा बारका रेझिस्टन्स साध्या मीटरच्या ओहमवर दिसतही नाही, म्हणून वायर नुसती तपासली तर चांगलीच दिसते. करंट चालू असतानाच पकडावं लागतं. अन् गरम झालं की रेझिस्टन्स आणखी वाढतो, म्हणून सकाळी लागायची अन् दुपारी नाही.

माझ्या गाडीत मायनसच्या चिमट्यातून दोन वायरी निघतात, एक बॉडीला, दुसरी जाड गिअरबॉक्सला. बॉडीची ठीक होती म्हणून दिवे झकास. चाचांनी मला क्लचच्या केबलला हात लावून बघायला सांगितलं. कोमट! जाड वायरीतून जागा नाही म्हणून करंट बिचारा क्लचच्या केबलमधून परत जाऊन राहिला होता. अन् धरमपेठेच्या पोट्ट्याने काळा चिमटा इंजिनला लावला तेव्हा नकळत या खराब वायरीला बायपासच केलं होतं, लागणारच होती गाडी. तोच चिमटा माझ्या बॅटरीच्या मायनसला लावला असता तर लागली नसती अन् माझे पाच हजार वाचले असते.

गाडीखाली जाऊन त्या जाड वायरीचा गिअरबॉक्सवरचा बोल्ट काढला तर वायरीच्या डोळ्याच्या (बोल्ट जातो त्या टोकाच्या कडीच्या) खाली काळा तेलकट गाळ, एका बाजूला हिरवं चढलेलं, अन् बोल्ट हाताने फिरेल इतका ढिला. फेब्रुवारीत क्लचप्लेट बदलली होती, तेव्हा गिअरबॉक्स उतरवला होता, कुठे ते जाऊ द्या. बसवताना कोणीतरी पुसायचा अन् आवळायचा कंटाळा केला.

पॉलिश पेपरने डोळा अन् गिअरबॉक्सची जागा चकचकीत होईस्तोवर घासली, बोल्ट कसला, वरून व्हॅसलीन फासलं. काम करायच्या आधी मायनसचा चिमटा काढला होता, तो शेवटी लावला. पुन्हा मीटर, इंजिन आणि मायनसमध्ये 0.1. बॅटरी सेल्फ मारताना 10.4 वर आली, अन् आता तो आकडा बघून मला आनंद झाला. गाडी चालू असताना 14.2, म्हणजे चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही ठीक.

दीडशे रुपये घेतले चाचांनी. निघताना विचारलं, "पुरानी बैटरी है ना घर में? वो बी अच्छी होगी, इन्वर्टर में नहीं तो किसी को दे देना."

मी म्हटलं, हो चाचा, बघतो.