१२० पैकी ७२

रबाळे औद्योगिक वसाहतीतील ज्या लहान कारखान्यात मी गुणवत्ता विभागाचे काम पाहते, तेथे नायलॉनच्या क्लिपा तयार होतात आणि पावसाळा लागला की त्या क्लिपांवर चंदेरी रेघा उमटण्याची तक्रार सुरू होते. एका जुलैमध्ये ती फारच वाढली. सोमवारी सकाळी ठाण्याहून ट्रान्स हार्बरची लोकल पकडून मी कामावर पोहोचले, तेव्हा उत्पादन विभागाच्या फळ्यावर तीन आठवड्यांचा हिशेब लिहिलेला होता : नापास क्रेट १२०, त्यांपैकी रात्रपाळीच्या ७२, म्हणजे ६० टक्के. त्याखाली रात्रपाळीचे मुख्य ऑपरेटर बदलण्याचा प्रस्ताव होता. या ऑपरेटरांना सारा कारखाना मामा म्हणतो. ते कंत्राटी कामगार असल्यामुळे त्यांना बदलणे म्हणजे कामावरून कमी करणे, हे कोणी वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

पाळी संपूनही मामा घरी गेले नव्हते.

“मॅडम, हा आकडा खरा आहे का?”

“आकडा खरा आहे, मामा. पण हे साठ टक्के कशापैकी, ते बघायला हवं. दुपारपर्यंत वेळ द्या मला.”

सशर्त संभाव्यतेची, म्हणजे एका ठरावीक गटापुरत्या मोजलेल्या शक्यतेची, व्याख्या पुस्तकात अंश आणि छेद मांडून दिलेली असते, परंतु मराठी माणसाला ती ‘पैकी’ या शब्दातून अधिक नेमकी समजते, असे मला मनापासून वाटते. ‘पैकी’च्या आधी जे येते तो छेद. फळ्यावरचे ६० टक्के हे ‘नापास क्रेटपैकी रात्रपाळीच्या किती’ या प्रश्नाचे उत्तर होते; मामांच्या कामाबद्दल विचारायचा प्रश्न मात्र ‘रात्रपाळीच्या क्रेटपैकी नापास किती’ असा होता. दोन्ही प्रश्नांत ७२ हाच अंश असतो, म्हणूनच ते एकमेकांच्या जागी बेमालूम बसतात.

मी नोंदवही घेऊन द्विमार्गी वारंवारता सारणी मांडली : आडव्या ओळींत दिवस आणि रात्र, उभ्या रकान्यांत पास आणि नापास. एकूण क्रेट २००० होत्या. दिवसा दोन यंत्रे मोल्ड बदलणे, चाचण्या आणि दुरुस्ती यांत अडकलेली असत व उत्पादनासाठी एकच यंत्र उरे, तर रात्री तिन्ही यंत्रे चालत. त्यामुळे रात्रीच्या क्रेट १५०० आणि दिवसाच्या अवघ्या ५०० होत्या. रात्रीच्या १५०० पैकी ७२ नापास, म्हणजे ४.८ टक्के, दिवसाच्या ५०० पैकी ४८ नापास, म्हणजे ९.६ टक्के, बरोबर दुप्पट. पाळीचा आणि नापास होण्याचा काहीच संबंध नसता, तर तीन चतुर्थांश माल रात्रीचा असल्यामुळे १२० पैकी सुमारे ९० नापास क्रेट रात्रीच्या निघायला हव्या होत्या. प्रत्यक्षात ७२ निघाल्या. सारणी तपासण्यासाठी मी ७२ ला २००० ने भागले, ३.६ टक्के ही संयुक्त सापेक्ष वारंवारता, म्हणजे एकूण क्रेटपैकी रात्रीच्याही आणि नापासही असलेल्यांचा वाटा, ७५ टक्क्यांच्या (रात्रीचा माल) ४.८ टक्के घेऊनही येते आणि ६ टक्क्यांच्या (सर्व नापास माल) ६० टक्के घेऊनही येते.

दुपारी हे दाखवल्यावर उत्पादन व्यवस्थापकांनी लगेच मान्य केले, पण त्यांचा पुढचा प्रश्न ऐकून मला धक्का बसला : “मग दिवसपाळीचा ऑपरेटर बदलायचा का?”

पदवीच्या वर्गात शिकलेले बर्कलीचे उदाहरण मला तेव्हा आठवले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील १९७३ च्या पदव्युत्तर प्रवेशांत पुरुष अर्जदारांपैकी सुमारे ४४ टक्के आणि स्त्री अर्जदारांपैकी सुमारे ३५ टक्के निवडले गेले होते. परंतु १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विभागवार विचार केल्यावर स्त्रियांविरुद्धचा तो कल उरला नाही, कारण ज्या विभागांत प्रवेश मिळणेच कठीण होते तेथे स्त्रियांचे अर्ज अधिक होते. एका ओळीत दोन वेगळ्या परिस्थिती मिसळल्या असतील, तर त्या ओळीच्या टक्केवारीवरून माणसाला दोष देता येत नाही. मी संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली.

चंदेरी रेघांचे कारण आम्हाला माहीत होते. नायलॉनचा दाणा हवेतील ओलावा शोषून घेतो, यंत्रात तो दोनशे अंशांच्या वर तापला की त्या ओलाव्याची वाफ होते आणि वितळलेल्या मालात तिचे पट्टे उमटतात; म्हणून दाणा आधी ड्रायरमध्ये काही तास वाळवावा लागतो. मी प्रत्येक क्रेटची वेळ यंत्रांच्या लॉगबुकशी ताडून पाहिली आणि दोन गट केले : यंत्र थांबून पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्या दोन तासांतल्या क्रेट आणि उरलेल्या सर्व. हे काम फार किचकट होते आणि डोळे दुखू लागले, पण शेवटची बेरीज जुळली तेव्हा मी उठून उभी राहिले. पहिल्या गटातील ३६० पैकी ८१ क्रेट नापास, म्हणजे २२.५ टक्के. उरलेल्या १६४० पैकी ३९, म्हणजे अडीच टक्क्यांहूनही कमी. सलग चाललेल्या यंत्रावर दिवसा ३५० पैकी ९ आणि रात्री १२९० पैकी ३० नापास झाल्या होत्या, म्हणजे दोन्ही पाळ्या जवळजवळ सारख्याच. थांब्यानंतरच्या क्रेटमध्ये दिवसाच्या १५० पैकी ३९ आणि रात्रीच्या २१० पैकी ४२ नापास होत्या. २६ आणि २० टक्के यांतील अंतर इतक्या थोड्या क्रेटवरून पाळीच्या नावावर मांडणे मला योग्य वाटले नाही. दिवसाच्या मालाचा ३० टक्के भाग थांब्यानंतरचा होता, रात्रीचा १४ टक्के. दुपटीचा उगम तेथे होता.

रात्रीच्या पाळीसाठी मामा आले, तेव्हा सारणी मी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी बराच वेळ ती पाहिली आणि ३६० च्या ओळीवर बोट ठेवले.

“मॅडम, मशीन थांबलं की ड्रायरपण बंद करायचा, असं आम्हाला सांगितलंय. वीज वाचते म्हणून. ड्रायरच्या स्विचवर कागद चिकटवलाय बघा.”

मी त्यांच्याबरोबर जाऊन पाहिले. कागद तेथे होता, त्यावर व्यवस्थापकांची सही होती आणि तारीख जूनच्या अखेरीची होती. तो काढून मी सारणीसोबत अहवालाला जोडला. मामांच्या बदलीचा प्रस्ताव दुसऱ्या दिवशी फळ्यावरून पुसला गेला आणि नोंदवहीत ‘थांब्यानंतर किती वेळाने’ असा एक नवा रकाना आखण्यात आला.