झुंजारचा क्रम आणि आगळाचा डाग

मागच्या खेपेला मोठ्या ऐटीत सांगून बसलो होतो, की पाऊस लागायच्या आत बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार या नायकाच्या रहस्यकथांचा क्रम लावून टाकतो. लागला तर नाहीच, उलट लावलेला होता तोही मोडला.

माझ्याकडच्या ४३ पुस्तिकांपैकी साल छापलेल्या दोनच. म्हणून बाकीच्यांचा काळ मी किमतीवरून धरत होतो. किंमत आण्यांत असेल तर एप्रिल १९५७ च्या आधीची, ‘न. पै.’ असेल तर तिथून १९६४ पर्यंतची, नुसते पैसे असतील तर त्यानंतरची. अशा तीन चळती लावल्या होत्या. दिसायला झकास.

रविवारी कसर झटकायला सगळ्या खळ्यात (अंगणात) उन्हात मांडल्या. (डांबरगोळ्यांवर माझा विश्वास उरलेला नाही. वास पुस्तकाला लागतो, कसर मजेत राहते.) शेजारी आईची कोकमाची सोलं. ‘‘तुजी बुकां उचल आदी, माजी सोलां खंय वाळत घालू?’’ मी हो हो म्हणत राहिलो आणि सुपातून निथळलेलं आगळ, म्हणजे कोकमाचा रस, थेट सतरा नंबरच्या पुस्तिकेच्या किमतीवर. ‘न. पै.’च्या आधीचा आकडा लालभडक डागात गडप.

आकडा भिंगातूनही दिसेना, म्हणून आतल्या पानावरचा छापखान्याचा पत्ता बघितला. शेवटी ‘मुंबई ४०० ००४’. सहा आकडी पिनकोड! तो आला १५ ऑगस्ट १९७२ ला. मग मुखपृष्ठ चौसष्टच्या आतलं आणि आतला मजकूर सत्तरीतला कसा? नीट बघितलं तर पाठीला खळ लावून दुसऱ्याच प्रतीचं मुखपृष्ठ चिकटवलेलं. ‘उत्तम स्थितीत’ म्हणून एका विक्रेत्यानं विकलेल्या सहांपैकी ही एक. त्याच्याकडून पुन्हा काही घेणार नाही.

बरं, एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण पाठोपाठ लक्षात आलं, की किंमत काय नि पिनकोड काय, दोन्हींवरून कळतो तो प्रतीचा काळ, गोष्टीचा नव्हे. आवृत्ती दुसरी की पाचवी हे छापलेलंच नसेल तर तिन्ही चळती फुकट.

मग शुद्धलेखन धरून बघितलं. सतरा नंबरमध्ये सगळीकडे ‘कांहीं’, ‘नाहीं’. हे अनुस्वार १९६२ च्या नियमांनी काढले. म्हणजे मूळ मजकूर जुना आणि पुन्हा छापताना कुणी हात लावलेला नाही. आनंदानं उडालो! पण बारा नंबरमध्ये एकाच पानावर ‘काही’ही आहे आणि ‘कांहीं’ही. छापखान्यात टाइप जुळवणाऱ्या जुळाऱ्याच्या सवयीवर कालगणना कशी उभी करणार?

तिकडे जॉन ल कारे या इंग्रज लेखकाच्या स्मायली या हेराचं बरं. १९६१ पासून प्रत्येक पुस्तकाचं साल आयतं मिळतं. अर्थात तिथंही लेखकानं पुढे स्मायलीचं वय सोयीनं कमी केलंच आहे, पण निदान प्रकाशकानं घोळ घातलेला नाही.

हे लिहिता लिहिता सुचलं: पुरावा गोष्टीच्या पोटातच शोधायला हवा. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. पात्रं ट्राममधून चढत-उतरत असतील तर ती गोष्ट बहुधा त्याआधीची. टॅक्सीवाल्याला आणे मोजले तर आणखी मागची, गोरा पोलीस अधिकारी हुकूम सोडत असेल तर थेट ४७ च्या अलीकडे-पलीकडे बघायचं. मुखपृष्ठ कुणी बदलेल, ट्राम कोण काढून टाकणार?

म्हणजे ‘क्रम लागल्याशिवाय वाचायचं नाही’ ही माझी अट रद्द. हाताला येईल ती उचलायची, समासात पेन्सिलीनं ‘ट्रा’, ‘आ’, ‘गो’ अशा खुणा करायच्या. स्मायली दिवाळीपर्यंत थांबेल.

सुरुवात डागाळलेल्या सतरापासूनच केली. आत्ता २९ व्या पानावर आहे. पाठलाग रंगात आलाय, दोन मोटारी झाल्या, एक होडी झाली. ट्रामचा पत्ता नाही.