परसातल्या कोंबड्यांना सेंद्रिय खाद्य की साधं? माझा अनुभव

नवी मुंबईतल्या घणसोली गावात आमचं जुनं घर आहे आणि मागे थोडं परस. तिथे काही गिरिराज (सुधारित जातीच्या) आणि काही गावठी कोंबड्या पाळल्या आहेत. अंडी घरचीच, मुख्यतः मुलीसाठी. त्यामुळे तलंगा (तरुण कोंबड्या) अंड्यावर यायला लागल्या तेव्हा माझा कल सरळ सेंद्रिय खाद्याकडे होता. सासूबाईंचं म्हणणं वेगळं: "आमी तं कनीवरच कोंबऱ्या पालल्या."

पनवेलच्या एका दुकानात सेंद्रिय म्हणून सुटं खाद्य मिळालं. भाव साध्या लेयर मॅशच्या (अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार खाद्याच्या) जवळजवळ दुप्पट. प्रमाणपत्र मागितलं, तर "ताई, थेट शेतकऱ्याकडून येतं, फवारणीच करत नाहीत" एवढंच उत्तर. आपल्याकडे सेंद्रिय ठरवायच्या दोन मान्य वाटा आहेत. एनपीओपीत त्रयस्थ संस्था तपासणी करते, पीजीएस-इंडियात शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. त्या गोणीवर यातलं काहीच नव्हतं. प्रथिनं किती, कॅल्शियम किती, बनवल्याची तारीख कोणती, हेही नव्हतं. मला हे जास्त खटकलं.

कारण अंड्यावरच्या कोंबडीला १६ ते १८ टक्के प्रथिनं आणि साडेतीन टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम लागतं. एका अंड्याच्या कवचातच साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. खाद्यातून मिळालं नाही तर ती ते स्वतःच्या हाडांतून काढते. नुसत्या मका-तांदळाच्या भरड्यावर, तो कितीही सेंद्रिय असला तरी, हे भागत नाही. (लहान पिल्लांना मात्र लेयर खाद्य देऊ नका, एवढं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही.)

जीएम (जनुकीय बदल केलेलं) धान्य नको म्हणूनही बरेच जण सेंद्रिय शोधतात. भारतात व्यापारी लागवड फक्त बीटी कापसाची होते, म्हणजे इथला मका आणि सोयाबीन जीएम नसतो. पण २०२१ मध्ये केंद्राने १२ लाख टन जीएम सोया पेंड आयात करायला परवानगी दिली होती, सरकी पेंडही बहुतेक बीटी कापसाचीच असते. म्हणून दुकानदाराला पेंड कोणती वापरली आहे ते विचारावं. मला जास्त काळजी खाद्यात घातल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांची (अँटिबायोटिकची) होती. त्यातल्या कोलिस्टिनवर २०१९ मध्ये बंदी आली, पण बाकीची औषधं आहेतच. मी स्पष्ट विचारलं, औषध न घातलेलं लेयर खाद्य आहे का? वाशीजवळच्या एका दुकानात मिळालं, गोणीवर घटकांसकट लेबल होतं.

आणि मग पावसाळा. खाडीकाठच्या या दमट हवेत खाद्य कुठलं, यापेक्षा ते किती ताजं आहे हेच महत्त्वाचं. दुकानातच गोणीत कोपरापर्यंत हात घालून मी मूठभर खाद्य बाहेर काढते. आतून ऊबदार लागलं, मुठीत ढेकळं आली, कुबट वास आला किंवा मक्याच्या तुकड्यांच्या टोकाला हिरवट करडी बुरशी दिसली, तर घेत नाही. या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते कोंबडीच्या यकृतावर जातं आणि भाजून किंवा उन्हात टाकून नाहीसं होत नाही. महाग सेंद्रिय गोणी तीन महिने पुरवून खायला घालण्यापेक्षा साधं खाद्य दर पंधरवड्याला थोडं थोडं आणणं मला शंभर पटीने योग्य वाटतं.

मग सेंद्रियपणाची हौस वरच्या खाऊत भागवली. शेवग्याचा पाला, आळूच्या वाफ्याकडचं गवत, त्यातले किडे. दिवाळे गावच्या बाजारातला बिनमिठाचा सुका जवळा थोडासा, कारण मका-सोयाच्या खाद्यात कमी पडणारं मेथिओनाइन (प्रथिनांतला एक गरजेचा घटक) त्यात भरपूर असतं. जवळा जास्त झाला तर अंड्यांना मासळीचा वास येतो, म्हणून चिमूटभरच. कॅल्शियमसाठी तिसऱ्यांचे शिंपले धुऊन, वाळवून, खलबत्त्यात जाडसर कुटून वेगळ्या वाटीत ठेवते. ज्या कोंबडीला गरज असते ती आपणहून टिपते. हे सासूबाईंनाही पटलं, कणी आता फक्त संध्याकाळी खुराड्यात बोलावताना टाकतो.

बलकाचा गडद केशरी रंग पाहून शेजारी विचारतात, सेंद्रिय देता का? तो रंग पिवळ्या मक्याचा आणि हिरव्या पाल्याचा आहे, साध्या खाद्यावरही येतो.

प्रमाणपत्राचं, ताज्या तारखेचं, प्रथिनं लिहिलेलं लहान पाकीट जवळपास मिळालं तर मी सेंद्रिय जरूर घेईन, दुप्पट भावानेही. सुट्या गोणीचं नाही घेणार.