एकाच घरातले दोन दिनक्रम

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची साथ ही महासाथ असल्याचे जाहीर केले आणि काही दिवसांतच आम्ही दोघे चोवीस तास एकमेकांसमोर आलो. इतक्या वर्षांच्या संसारात आपण खरे तर सकाळ-संध्याकाळपुरतेच भेटत होतो, हे तेव्हा ध्यानात आले. फोनवर बोलताना ते खोलीभर येरझाऱ्या घालतात, हे मला ठाऊकच नव्हते. मी कामे करताना स्वतःशी पुटपुटते, हा त्यांचा शोध (मी तो अजून मान्य केलेला नाही). पहिल्या पंधरवड्यातली भांडणे बहुतेक बातम्यांच्या आवाजावरून झाली. मग दुपारचे दोन तास वेगवेगळ्या खोल्यांत, न बोलता घालवायचे ठरले. चार वाजले की ते दारावर टकटक करून पाहुण्यासारखे विचारत, “येऊ का?”