सांडशी कुठं ठेवून गेली तू?

रविवारी सकाळी सहाला फोन वाजला. उन्हाळ्यात स्टुटगार्ट आणि नागपूरमध्ये साडेतीन तासांचा फरक असतो, म्हणजे तिकडे साडेनऊ. आई या वेळेला कधीच फोन करत नाही, त्यामुळे पोटात धस्स झालं.

"अगं, सांडशी कुठं ठेवून गेली तू? अर्ध्या तासापासून शोधून राहिली मी."

प्रकरण मे महिन्यातलं आहे. तीन आठवडे प्रतापनगरच्या घरी होते. नवतपा सुरू, पारा पंचेचाळीसच्या आसपास. अकरा ते पाच दाराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. अशा दिवसांत शहाणं माणूस कूलरसमोर आडवं होतं. मी मात्र आईच्या किचन ट्रॉल्या आवरायला घेतल्या, कारण सगळ्यात वरची, चमच्यांची, अर्ध्यातच अडत होती आणि आई ती रोज कमरेनं ढकलून बंद करत होती.

आता ही खुमखुमी कुठून आली तेही सांगते. इथे आम्ही भाड्याचं घर घेतलं तेव्हा स्वयंपाकघरात भिंतीतून बाहेर आलेले पाण्याचे पाईप आणि विजेचे प्लग, एवढंच होतं. जर्मनीत पुष्कळदा भाडेकरू आपलं किचन स्वतः आणतो आणि घर सोडताना ओटा-सिंकसकट घेऊनही जातो. आम्ही कपाटं आणली. कपाट ६० सेंटिमीटरचं, म्हणून मी ऐटीत ६० चा चमच्यांचा ट्रे उचलून आणला. ड्रॉवर आतून भरला ५२. टेप लावून आधी मोजायचं आणि मग दुकानात जायचं, एवढी साधी अक्कल मला एका ट्रेच्या किमतीत मिळाली. दुसरा ट्रे मापाचा आणला, तर त्याचे कप्पे काट्या-सुऱ्यांचे. लाटणं त्यात आडवं बसेना, सराटा तिरका (पुण्याच्या वाचकांनो, उलथनं), झाऱ्याचं डोकं वर अडायचं. शेवटी ट्रे काढला आणि पाहिजे तिथे सरकवता येतील अशा बांबूच्या पट्ट्या बसवल्या. सगळं मस्त बसलं, आणि त्या दिवसापासून मी स्वतःला ड्रॉवरतज्ज्ञ समजायला लागले.

त्यात गाव स्टुटगार्ट. इथे केरवोख नावाचा प्रकार असतो. पाळी आली की आपल्या दारावर पाटी लटकते आणि त्या आठवड्यात जिना आपण झाडायचा, पुसायचा. शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो आपलाच केर वाटला होता. अशा गावात सहा वर्षं राहिलं की माणूस दुसऱ्यांच्या घरातही फडकं घेऊन उभं राहतं.

तर नागपूर. आतलं सगळं जुन्या चादरीवर ओतलं आणि ट्रॉली बाहेर काढायला बसले. दोन्ही बाजूंच्या चॅनेलमध्ये काळी प्लास्टिकची जीभ असते. एका बाजूची वर आणि दुसऱ्या बाजूची खाली, अशा दोन्ही एकदम दाबल्या की ट्रॉली सुटून हातात येते. आईनं हे बारा वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. मागे भिंतीशी एक चपटी पळी उभी अडकलेली होती, तीच ट्रॉलीला थांबवत होती. चॅनेलमध्ये तेल आणि पीठ मिळून असा चिकटा झालेला की बोटाला लागला तर रॉकेलच आठवावं. गरम पाणी, सोडा, जुना टूथब्रश. मग पूर्ण वाळवून परत. ओलं ठेवलं तर झुरळांना आमंत्रणच.

चादरीवर जे निघालं ते मात्र चॅनेलपेक्षा भारी होतं. कुकरच्या चार रिंगा, त्यातल्या तीन लाकडासारख्या कडक. चकलीची ताटली, जिचा सोऱ्या कधीच मोडीत गेला. शंकरपाळ्यांचं कातणं दोनदा. लोडशेडिंगच्या काळातल्या अर्ध्या मेणबत्त्या. दुधाच्या पिशव्यांचे रबरबँड, आता एकमेकांत विरघळलेले. एका स्टीलच्या डावावर आजीचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, खाली बाबांच्या मुंजीची तारीख, त्यातला शेवटचा आकडा घासून घासून पुसला गेलेला. तो डाव आईनं माझ्या हातातून काढून घेतला आणि पदराला पुसून बाजूला ठेवला. त्यावर चर्चा झाली नाही.

आणि गॅस सिलिंडरच्या टोप्या. पांढऱ्या, दोरीवाल्या, मोजून सहा.

"सहा कशाला?"

"असू दे, कामी येते," बाबा पेपरमधून म्हणाले.

मी त्यांचं ऐकलं नाही. टोप्या, कडक रिंगा, ताटली असं सगळं भंगारच्या पोत्यात गेलं. इथे स्टुटगार्टमध्ये असं काही काढायचं तर ते पुनर्वापर केंद्रावर आपण स्वतः पोचवायचं. धडधाकट वस्तू लोक 'घेऊन जा' लिहून खोक्यात घालून फाटकाबाहेर ठेवतात. नागपुरात भंगारवाला दारात येतो आणि वर पैसे देतो. बाबा "मी देतो त्याला" म्हणत पोतं घेऊन खाली गेले, ते बराच वेळ आलेच नाहीत.

मी ट्रॉल्या लावल्या. गॅसजवळच्या ट्रॉलीत तापल्या भांड्यांचं सामान, म्हणजे सांडशी, चिमटा, फडकी. वर रोजचे चमचे. पोळपाट-लाटण्याची जागा कणकेच्या डब्याशेजारी. सणावारी लागणारं सगळ्यात खाली. जे काम जिथे उभं राहून करतो, त्याचं सामान तिथे, हा नियम अजूनही मला बरोबर वाटतो. प्रत्येक ट्रॉलीच्या कडेला चिठ्ठी चिकटवली, मराठीत, छान अक्षरात.

खरं तर मला आधीच कळायला हवं होतं. इथे शेजारच्या आजींकडे एकदा स्क्रूड्रायव्हर मागायला गेले होते. जिन्याची एक पायरी पुसायची राहिली तर दार वाजवणाऱ्या या बाई. त्यांनी ओट्याखालचा ड्रॉवर ओढला तर आत सुतळी, बॅटऱ्या, किल्ल्या, मेणबत्त्यांचे तुकडे. "क्रामशुबलाड," त्या जरा ओशाळून म्हणाल्या. अटरमसटरमचा ड्रॉवर. त्यासाठी जर्मनमध्ये शब्दच आहे म्हणजे बघा.

असो. रविवारच्या फोनवर मी आईला म्हटलं, गॅसजवळच्या ट्रॉलीत बघ, चिठ्ठी लावली आहे.

"तिथंच तर शोधून राहिली! चिठ्ठी आहे, सांडशी नाही. इकडे दूध वर आलं, मी फडक्यानं उतरवलं गंज."

मागून भांडी घासणाऱ्या मावशींचा आवाज आला. "वरच्या ट्रॉलीत हाये ना आई, चमच्याईच्या मागं. तिथंच ठेवतो ना मी दररोज."

अकरा वर्षं त्या घरातलं प्रत्येक भांडं घासून, पुसून जागेवर ठेवणाऱ्या बाईला मी एका शब्दानं विचारलं नव्हतं. आई बिचारी माझ्या चिठ्ठ्यांप्रमाणे शोधत होती आणि मावशी त्यांच्या हाताप्रमाणे ठेवत होत्या. मी गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून.

तेवढ्यात तिकडे बेल वाजली. सिलिंडरवाला. आईनं फोन ओट्यावर ठेवला, मला पंखा दिसत राहिला.

"अवो, रिकाम्याची टोपी मागून राहिला तो!"

पंख्याच्या कडेनं बाबांचा हात आला. हातात सुतळी, सुतळीत ओवलेल्या टोप्या. मी फोन जवळ घेऊन मोजल्या. सहाच्या सहा.