मावशीसोबत मानसोपचाराच्या ओपीडीत

आज मावशीला जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीत नेलं. दिवाळीपासून ती पहाटे तीनलाच जागी होते, जेवण दोन घासांवर आलंय, भजनाला जाणं बंद. 'वय झालं, गुडघे दुखतात, म्हणून गप्प असते,' असं घरात सगळे म्हणत होते.

डॉक्टरांनी आम्हाला थांबवून तिलाच विचारलं, "आवडीच्या गोष्टीत मन लागतं का?" ती म्हणाली, "लागत नाही. आणि रडूही येत नाही." मग त्यांनी शांतपणे विचारलं, "जगू नये असं वाटतं का?" मी दचकले. पण असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो, असं ते म्हणाले. मावशी खरंच बोलू लागली.

दोन आठवडे जवळजवळ रोज उदास वाटणं किंवा कशातच रस न उरणं, सोबत झोप, भूक बिघडणं, थकवा, स्वतःला दोष देणं, हे नैराश्य असू शकतं. कित्येकदा ते अंगदुखी बनूनच येतं. थायरॉईडची तपासणीही सांगितली आहे, कारण त्यानेही असंच होऊ शकतं. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. बरं वाटलं तरी मनाने बंद करायच्या नाहीत, हे तर त्यांनी दोनदा बजावलं.

दवाखान्यात जायला धीर होत नसेल तर 'टेली मानस'ला 14416 वर फोन करा. सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आमच्या भागातल्या कुणाला ओपीडीत सोबत हवी असेल तर मला मेसेज करा, मी येईन.